आवक क्रमांक पडलेली चिठ्ठी

आजार माझ्या बायकोला होता, धोका लेकराला होता आणि चूक माझी होती. तिघांपैकी लिहीत बसायला वेळ एकट्या मलाच आहे, म्हणून हे मी लिहितोय. महादेवीनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, परवानगी दिली. अट एकच घातली, "स्वतःला लई शहाणं दाखवू नका." तिनं काळजी करू नये. तशी सोय माझ्या वागण्यानंच ठेवलेली नाही.

आईचं रक्त आणि पोटातल्या लेकराचं रक्त जुळत नाही, असं ज्यांना डॉक्टरांनी नुकतंच सांगितलंय, त्यांच्यासाठी हे आहे. औषधपाण्याचं डॉक्टर सांगतील. त्या महिन्यांत माणूस कसा जगतो आणि कुठं कुठं माती खातो, तेवढंच माझ्या अधिकारातलं.

पोरगा झाला

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मी तिथल्या एका कचेरीत आवक-जावकचा कारकून होतो. भावाभावांची वाटणी ज्यांनी पाहिलीय त्यांना जिल्ह्याची वाटणी समजावून सांगायला नको. भांड्यांच्या जागी कागद असतात, एवढाच फरक. जुन्या जिल्ह्याहून लाल फडक्यात बांधलेले कागदांचे बस्ते ट्रकनं यायचे. आपले ठेवायचे, चुकून आलेले त्यांचे परत बांधून पाठवायचे. टेबलावर जे येईल त्यावर शिक्का मारायचा, आवक क्रमांक टाकायचा, बस्त्यात सारायचं. दिवसभर इतके शिक्के मारायचो की घरी जेवायला बसलो तरी भाकरीवर मूठ आपटायची. आमची अव्वा, म्हणजे माझी आई, ताट मागं ओढून म्हणायची, "हे कचेरी न्हाई. चावून खा."

महादेवी पहिल्या बाळंतपणाला मुखेडला माहेरी गेली होती. एका दुपारी तिचा थोरला भाऊ काशिनाथ कचेरीत हजर. हा माणूस गावोगावच्या बाजारात कापड विकतो, पण कापडाइतकंच मोजून बोलतो.

"दाजी, पोरगा झाला. दोघंबी ठीक हायत," तो म्हणाला. मग घडी केलेला कागद पुढं केला. "ही डॉक्टरची चिठ्ठी. महादेवीला एक सुई द्यायची हाय, तीन दिवसांच्या आत. मुखेडात मिळत न्हाई. तुम्ही लातुरात बगा, न्हाईतर नांदेडाहून आणा."

यातलं 'पोरगा झाला' एवढं मी ऐकलं. बाकीचं कानावर पडलं, आत गेलं नाही. आमचे हेडक्लार्क गफारसाहेब उठून गळ्यात पडले, शिपाई पेढ्यांसाठी ओरडायला लागले, आणि माझ्या डाव्या हातात काशिनाथचा कागद. आता आवक कारकुनाच्या डाव्या हातात कागद आला की उजवा हात काय करतो, हे मी सांगायला नको. मला तो शिक्का मारल्याचं आठवतसुद्धा नाही. श्वास घेतलेला कुणाला आठवतो का?

मी काशिनाथला मिठाईच्या दुकानात नेलं. चांगली बातमी आणणाऱ्याला मोकळं पाठवत नाहीत, म्हणून टॉवेल-टोपी घातली आणि संध्याकाळच्या एसटीत बसवून दिलं. मी स्वतः गेलो बाराव्या दिवशी, बारशाला. बाप एवढ्या लवकर धावला तर लोक हसतात, असं अव्वा म्हणाली होती. बारशात सुईचं नाव कुणी काढलं नाही. लेकरू गुटगुटीत, बाळंतीण हसरी, चिठ्ठी लिहिणारे डॉक्टर तोवर बदलून गेलेले. काशिनाथनंही विचारलं नाही. का नाही विचारलं, हे त्यानं मला पुष्कळ नंतर सांगितलं, "मी म्हणलं, दाजी शिकलेले, जिल्ह्याच्या गावाला ऱ्हातात. गरज नसंल, म्हणून आणली नसंल."

नांदेडच्या डॉक्टरीणबाई

तीन वर्षांनी महादेवीला पुन्हा दिवस गेले. ते दुष्काळाचं साल होतं. लातुरात नळाला आठ आठ दिवस पाणी नव्हतं. टँकर आला की माणसं आधी बादल्या पळवायची आणि मग चपला शोधायची. अशा दिवसांत पाचव्या महिन्यात लातूरच्या डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं, कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "नांदेडला दाखवा. उशीर करू नका."

नांदेडच्या डॉक्टरीणबाई बारीक अंगाच्या, आवाज मात्र बाजार समितीत लिलाव पुकारणाऱ्याचा. त्यांनी समजावून सांगितलं. महादेवीचं रक्त ओ निगेटिव्ह, माझं ओ पॉझिटिव्ह. पहिला मुलगा बसू माझ्या वळणावर गेलेला. त्याच्या जन्माच्या वेळी त्याचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळलं, ते तिच्या शरीराला परकं वाटलं आणि त्याच्या विरोधात पहारेकरी तयार झाले. आता दुसरं लेकरू बापाच्याच रक्ताचं असेल, तर ते पहारेकरी नाळेतून आत शिरून त्याचं रक्त मोडणार.

मला ते माझ्या भाषेत लगेच कळलं. लेकराचं रक्त म्हणजे दुसऱ्या जिल्ह्याचा कागद. आईचं शरीर तो बघतं आणि शेरा मारतं, आमच्याशी संबंधित नाही.

"पहिल्या बाळंतपणानंतर तीन दिवसांत एक सुई द्यायची असते. ती दिली असती तर बहुतेक ही वेळ आली नसती," बाई म्हणाल्या. "कुणी सांगितलं नव्हतं?"

महादेवी चटकन म्हणाली, "सांगितलं होतं की! अण्णा चिठ्ठी घेऊन लातूरला गेला होता." आणि माझ्याकडं वळली, "अहो, अण्णानं तुम्हाला दिली न्हाई का?"

त्या खोलीत भिंतीवर एका गुबगुबीत बाळाचं कॅलेंडर होतं. मी त्या बाळाकडं बघितलं. मला चिठ्ठी आठवत होती का? घडी आठवत होती. काशिनाथचा हात आठवत होता. पुढचं काही आठवत नव्हतं, आणि त्या न आठवण्याच्या आडोशाला मी उभा राहिलो.

"नाही बा," मी म्हणालो. "मला काही दिलं नाही."

आजवर मी पुष्कळ चुका केल्या. त्यांतल्या बहुतेकांवर मी स्वतःच आधी हसतो. ह्या शब्दांवर हसायला मला फार वर्षं लागली, आणि अजूनही पूर्ण जमत नाही.

जावयाचा शब्द

आमच्याकडं जावई म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचं कळेल. मुखेडला ही गोष्ट गेली तेव्हा काशिनाथ एकदाच म्हणाला, "मी दाजीच्या हातात दिली होती." सासूबाई त्याच्यावर उसळल्या, "म्हणजे जावाई खोटं बोलतेत का? तूच कुठंतरी पाडली असशील. एक कागद न्हाई सांभाळता आला तुला!" काशिनाथ पुन्हा बोलला नाही, आणि आमच्याकडं यायचाही बंद झाला. बहिणीला दर पंचमीला साडी घेऊन येणारा माणूस. त्या वर्षी साडी आली, दुसऱ्याच्या हातानं.

अव्वानं तिच्या परीनं निदान केलं. "लग्नाच्या येळी स्वामींनी सगळं जुळवून बघितलं होतं. रक्त कोण बघतंय!" मग मला बाजूला घेऊन विचारलं, "तुझं तेवढं बदलून घेता येत न्हाई का रे?"

महादेवी ऐकत होती. हसली. तेवढ्यानं मला किती बरं वाटलं सांगू. रडत ती कमी होती. ती मोजत होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की लेकरू किती वेळा हलतं त्यावर लक्ष ठेवा. हिनं दोन वाट्या घेतल्या आणि एकीत चिंचोके भरले. लेकरू हललं की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. सकाळभर ती त्या वाट्यांपुढं अशी बसायची की तिच्याशी बोलायची छाती व्हायची नाही. एकदा मी वाटी बघितली तर चारच चिंचोके. मी चपला न घालता रिक्षा आणायला धावलो, रिक्षावाल्याला दवाखान्याऐवजी घरचाच पत्ता सांगितला, आणि परत आलो तर महादेवी बसूची चड्डी झाडत होती. चड्डीच्या खिशातून नऊ चिंचोके पडले. बसूसाहेबांचा खेळ चालला होता.

रक्तातल्या त्या पहारेकऱ्यांचा आकडा किती वाढतोय हे बघायला नमुना हैदराबादला जायचा. एकदा मीच बर्फ घातलेल्या थर्मासात तो घेऊन नांदेडाहून रेल्वेत बसलो. थर्मास मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेला. समोरचे म्हातारे पाहुणे तासभर त्याच्याकडं बघत होते. शेवटी त्यांनी धोतराच्या सोग्यानं पेला पुसला आणि पुढं केला.

"एक घोट द्या की, पावणं. एकटंच कामून पितेत?"

"चहा नाही, रक्त आहे," मी म्हणालो.

म्हाताऱ्यानं पेला मागं घेतला, गाठोडं उचललं आणि दुसऱ्या डब्यात गेला. हैदराबादपर्यंत माझ्या बाकावर कुणी बसलं नाही. दुष्काळाच्या वर्षात एवढी ऐसपैस जागा मला दुसरीकडं कुठं मिळाली नाही.

आकडा मात्र वाढला होता.

अकरा माणसं

सातव्या महिन्यापासून महादेवी, अव्वा आणि बसू नांदेडला दवाखान्याजवळ एका खोलीत राहायला गेले. मी शनिवारी जायचो, सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि एक रांजण. नांदेडात गोदावरी असूनही रांजण अव्वाच्या ताब्यात होता, कारण तिचा लातूरच्या सवयीनं नदीवर विश्वास नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, "नववा पूर्ण होऊ द्यायचा नाही. त्याआधीच मोकळी करू. लेकरू पिवळं झालं तर त्याचं रक्त बदलावं लागेल. त्यासाठी ओ निगेटिव्ह माणूस आधी शोधून ठेवा. सख्ख्या भावंडांत मिळायचा संभव जास्त. हिला भावंडं किती?"

"एकच भाऊ," महादेवी म्हणाली आणि पदराशी खेळत बसली. काशिनाथला बोलवा, असं ती म्हणेना. एक कागद न सांभाळलेल्या भावाकडं आता बाटलीभर रक्त कुठल्या तोंडानं मागायचं, असं तिला वाटत होतं. मला काय वाटत होतं ते विचारू नका.

मी म्हणालो, "आधी कचेरीतले बघू."

रविवारी गफारसाहेबांच्या पुढाकारानं अकरा माणसं जीप करून नांदेडला आली. सगळ्यांनी बाह्या वर केल्या, बोटं टोचून घेतली. एक जण सुई बघूनच आडवा झाला, त्याला उठवायला दोघे लागले. निकाल आला. अकराच्या अकरा पॉझिटिव्ह.

गफारसाहेब बोटावरचा कापूस काढत म्हणाले, "मियां, एवढी एकी आपल्या कचेरीत आजवर कधी दिसली नव्हती."

सगळे हसले, मीही हसलो. परतीच्या जीपमध्ये मात्र मी हिशोब लावत होतो की उरलेले दिवस किती. वीसही नव्हते.

पुढील कार्यवाहीसाठी परत

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी डाक आली. मी पाकिटं फोडत होतो, शिक्के मारत होतो. जुन्या जिल्ह्याच्या कचेरीचं एक पत्र निघालं. मी शिक्का उचलला आणि हात तसाच वर राहिला. गफारसाहेबांनी बघितलं, पत्र माझ्या पुढ्यातून घेतलं आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला लागले.

"आपल्या कार्यालयाकडून परत आलेल्या बस्त्यांची छाननी करताना सोबतचा कागद आढळून आला. सदर कागद या जिल्ह्याशी संबंधित नसल्याने पुढील कार्यवाहीसाठी मूळ परत पाठवीत आहोत. पोच द्यावी."

खाली टाचणीनं लावलेली चिठ्ठी. मुखेडच्या डॉक्टरांचं अक्षर, वर महादेवीचं नाव, खाली सुईचं नाव, तीन दिवसांच्या आत या शब्दांखाली दोन रेघा. आणि ह्या सगळ्यावर, बरोबर मधोमध, आमच्या कचेरीचा गोल शिक्का. आवक क्रमांक माझ्या अक्षरात. तारीख बसूच्या जन्माची.

गफारसाहेब हसणार होते, त्यांनी तोंड उघडलंही होतं. मग त्यांना सगळं लक्षात आलं. खुर्ची ओढून ते माझ्याजवळ बसले.

"काशिनाथनं दिली होती म्हण की."

"हो."

"आणि तू काय म्हणालास?"

मी सांगितलं.

खरं सांगतो, माझ्या मनात काय आलं. चिठ्ठी फाडायची, म्हणजे कुणालाच कळणार नाही. टेबलाचा खण अर्धा उघडलाही होता. पण त्या कागदावर क्रमांक पडला होता. क्रमांक पडलेला कागद फाडायला कारकुनाचा हात धजत नाही. लोकांना सद्सद्विवेकबुद्धी वाचवते म्हणतात. मला आवक नोंदवहीनं वाचवलं.

"जावक कर," गफारसाहेब म्हणाले. "ज्याचा कागद त्याच्याकडं. आणि डाकेनं नको पाठवू. आपल्या डाकेचा काय भरोसा!"

मुखेडचा बाजार

बाजाराच्या दिवशी मी मुखेडला उतरलो. बाजार दुष्काळानं निम्मा झालेला. काशिनाथ तरटावर कापडाचे गठ्ठे मांडून बसला होता आणि एका मावशीला चोळीचा खण मोजून देत होता.

"या दाजी. बाजार करून राहिले का?" त्यानं मान वर न करताच विचारलं.

"अण्णा, एक कागद आणलाय."

"ठिवा तिथं. ह्या मावशीचं होऊ द्या."

त्यानं खण कापला, घडी घातली, मग चिठ्ठी उचलली. आधी पुढून वाचली, मग मागून, मग सोबतचं पत्र. मला वाटलं आता उठेल आणि कापड मोजायच्या गजानं हाणेल. मी थोडा मागं सरकलोही.

"शिक्का लई झ्याक उमटलाय," काशिनाथ म्हणाला.

मावशी अजून तिथंच. "कशाचा कागद हाय रे?"

"दाजीच्या कचेरीतला. तीन वर्षांनी आलाय."

"तीनच?" मावशी म्हणाली. "आमच्या हिरीचा सात वर्षं झाली, आणखीन पत्ता न्हाई." आणि खण काखेत मारून गेली.

मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही मला दिली होती. मी हरवली, आणि वर तुमच्यावर ढकलली."

"हे मला कामून सांगता? मला म्हाईतच हाय की. ज्याला म्हाईत न्हाई त्याला सांगा." त्यानं मान घराच्या दिशेनं हलवली. म्हणजे सासूबाईंना. "आणि दुसरं काय?"

"दुसरं?"

"एवढ्यासाठी बाजारात येत न्हाई तुम्ही. चेहऱ्यावर आणखीन कायतरी हाय."

माफी मागायला गेलो होतो की रक्त मागायला, हे मला आजही नीट सांगता येत नाही. दोन्ही एकाच तोंडानं मागायचं होतं. मी कसंबसं सांगितलं. लेकराचं रक्त बदलावं लागेल, ओ निगेटिव्ह पाहिजे, सख्ख्या भावाचं जुळायचा संभव आहे, दिवस थोडे आहेत.

काशिनाथनं गज खाली ठेवला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला.

"अहो मग हे आधी सांगायचं ना! माफीला काय घाई होती? ती थांबली असती." आणि शेजारच्या दुकानदाराला हाक मारून गठ्ठे बांधायलाही लागला.

घरी सासूबाईंनी माझ्यापुढं गुळाचा खडा आणि पाणी ठेवलं. मी पाणी न पिता सगळं सांगितलं. जावयानं सासूसमोर चूक कबूल करायची रीत आमच्यात नाही, त्यामुळं ऐकल्यावर काय करायचं हे त्यांनाही कळेना. मला त्या रागावू शकत नव्हत्या. मग त्या काशिनाथवर घसरल्या.

"तू मोठ्यानं बोलला कामून न्हाईस रे?"

"बोललो होतो, आई. तू जावायाची बाजू घेऊन राहिली होतीस."

सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. मग त्यांनी गुळाचा खडा माझ्या पुढ्यातून उचलला आणि लेकाच्या तोंडात घातला. माझ्यापुढं नुसतं पाणी राहिलं. मी मुकाट्यानं प्यालो. एवढी न्याय्य शिक्षा मला कुणी दिली नव्हती.

खाटेवर

संध्याकाळी आम्ही दोघं नांदेडच्या खोलीत पोचलो. भावाला बघून महादेवी उठायला लागली, त्यानं हातानं बसवलं. मी चिठ्ठी तिच्या हातात दिली.

तिनं वाचली. "आवक क्रमांकसुद्धा टाकलाय," ती म्हणाली आणि हसायला लागली. पोटाला हात धरून इतकी हसली की अव्वा धावत आली. मीही हसलो. ती मला दिलेली माफी नव्हती, हे मला जरा उशिरा कळलं. हसून झाल्यावर ती भावाचा हात धरून रडली आणि दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. लेकरू हललं की चिंचोका वाटीत टाकायची, आणि तो जरा जोरात टाकायची.

तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ती सुई तीन दिवसांत द्यायची होती. तीन दिवस म्हणजे किती असतेत, ते आता तुम्हाला कळलं असंल."

"कळलं."

"मग आता पाणी भरून आणा."

आजारात घर कसं सावरतं, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, असं. पाण्याची बादली पुन्हा माझ्या हातात आली तेव्हा.

काशिनाथचं रक्त तपासलं. ओ निगेटिव्ह. डॉक्टरीणबाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदा हसल्या.

पिवळी

ठरल्या दिवशी सकाळी महादेवीला आत नेलं. मुलगी झाली, सव्वादोन किलोची. मी बघितली तेव्हा तिचा रंग चांगला होता आणि मी अव्वाला म्हणालो, "उगाच घाबरवलं लोकांनी." दुपार होईपर्यंत ती हळदीच्या कार्यातल्या नवरीसारखी पिवळी झाली. लेकरांचे डॉक्टर म्हणाले, थांबता येणार नाही, उद्या सकाळीच रक्त बदलू.

सकाळी काशिनाथ आडवा पडून रक्त देत होता आणि मी शेजारी उभा. पिशवी हळूहळू भरत होती.

"दाजी, शिक्का आणलाय का?" त्यानं विचारलं.

"का?"

"पिशवीवर मारा. न्हाईतर जायची जुन्या जिल्ह्याला."

रक्त काढणाऱ्या माणसाला काही कळलं नाही. मी मात्र रडलो, आणि काशिनाथनं मोकळ्या हातानं मला त्याच्या डोक्यावरची टोपी काढून दिली. डोळे पुसायला. बघतो तर बसूच्या वेळी मीच घातलेली टोपी.

रक्त बदलायला दोन तास लागले. थोडं काढायचं, थोडं भरायचं, पुन्हा थोडं काढायचं. दाराच्या काचेतून नुसती पाठ दिसायची डॉक्टरांची. त्या दोन तासांत मी काय केलं? दवाखान्याच्या नोटीस फलकावरच्या शुद्धलेखनाच्या सतरा चुका मोजल्या. भीती वाटली की प्रत्येक जण आपापल्या धंद्याकडं पळतो. काशिनाथ समोरच्या कापड दुकानाच्या पाटीकडं बघत होता.

डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "सोसलं पोरीनं."

मग तिला निळ्या नळ्यांच्या उजेडाखाली ठेवलं. मला आत सोडलं तेव्हा बघितलं तर लेकराच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी. मी भिंतीला टेकलो आणि मोठ्यानं रडायला लागलो. माझ्या चुकीनं पोरगी आंधळी झाली, देवा, माझे डोळे घे. नर्सबाईंनी मला दंडाला धरून बाहेर काढलं.

"अहो, उजेड लागू नये म्हणून पट्टी बांधलीय! इथं ठेवलेल्या सगळ्याच लेकरांना बांधतेत. बाकीच्यांना कामून रडवून राहिले?"

दुसऱ्यांदा रक्त बदलावं लागेल की काय, अशी दोन दिवस धास्ती होती. लागलं नाही. पाचव्या दिवशी पट्टी निघाली आणि मुलीनं डोळे उघडून पहिल्यांदा कुणाकडं बघितलं असेल तर मामाकडं. पुढं काही आठवडे तिचं रक्त परत परत तपासावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी महादेवीला आणि मला समोर बसवून सांगितलं, "आता तिसरं नको." आम्ही दोघांनी एकदम मान हलवली. लग्नानंतर आमचं इतकं एकमत झाल्याचं मला आठवत नाही.

तुमच्या घरी अशी वेळ आली असेल तर माझ्याकडून एवढंच घ्या. पहिल्याच खेपेला दोघांचंही रक्त तपासा. सुईची चिठ्ठी मिळाली तर ती हातात धरून उठा आणि सुई घेऊनच परत या. पेढे नंतरही मिळतात. आणि चुकलात तर लवकर सांगा, कारण तुम्ही ज्याच्यावर ढकललंय, नेमकं त्याचंच रक्त जुळायचा संभव असतो.

पोच

दवाखान्यातून लेकीला आधी मुखेडलाच नेलं. माहेरचं बाळंतपण झालं पाहिजे, असं सासूबाईंचं म्हणणं. सव्वा महिन्यानं काशिनाथ मायलेकींना लातूरला पोचवायला आला. दारात अव्वा भाकरतुकडा ओवाळायला उभी होती, शेजारच्या बाया टँकरची रांग सोडून बघायला आलेल्या. महादेवी उंबरठा ओलांडणार, तेवढ्यात काशिनाथनं हात आडवा घातला.

"थांब गं. आधी सही."

त्यानं पिशवीतून एक कोरी पोचवही काढली. शिपायाकडं असते तशी, लाल पुठ्ठ्याची. मुखेडच्या दुकानातून मुद्दाम घेतलेली. पहिल्या पानावर त्याच्या कापडदुकानी अक्षरात लिहिलं होतं: मुलगी एक, वजन साडेतीन किलो, रंग उतरलेला नाही, सुस्थितीत मिळाली.

"रंग उतरलेला नाही काय? पिवळा उतरलाय की!" मी म्हणालो.

"ते कापडाचं लिवायची सवय हाय. तुम्हाला कळलं ना? मग करा सही."

बाया हसत होत्या, अव्वाच्या हातातला तुकडा तसाच राहिला होता, महादेवी ओठ दाबून माझ्याकडं बघत होती. मी सही केली. खाली तारीख टाकली. काशिनाथनं सही नीट तपासली, वही पिशवीत घातली आणि मगच भाचीला माझ्या हातात दिलं.

ती वही त्याच्याकडं अजून आहे. लग्नाची पत्रिका असो, पंचमीची साडी असो की शेंगांची पिशवी, माझ्याकडं काही द्यायचं झालं की तो आधी वही पुढं करतो. मी सही करतो. आता पोरगीच शाई भरलेला पेन आणून देते.